खोक्याची कुळकथा

१९७६ साल मॉन्ट्रियलच्या स्मरणात आहे ते ऑलिंपिकमुळे. नादिया कोमानेचीचे दहापैकी दहा गुण आणि जे फिटायला २००६ उजाडलं ते स्टेडियमचं कर्ज, या दोन गोष्टी इथला कुणीही सांगेल. मला मात्र त्या वर्षातल्या दुसऱ्याच तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडायच्या आहेत.

पहिली २० मेची. सेंट लॉरेन्स नदीतल्या सेंट हेलेन बेटावर बकमिन्स्टर फुलरचा घुमट उभा होता. १९६७च्या जागतिक प्रदर्शनात, म्हणजे एक्स्पो ६७मध्ये, तो अमेरिकेचं दालन होता. व्यास ७६ मीटर, पोलादी नळ्यांची जाळी आणि तिच्यावर बसवलेलं पारदर्शक ॲक्रिलिक. दुरुस्तीचं वेल्डिंग चालू असताना आग लागली आणि अर्ध्या तासाच्या आत ॲक्रिलिकचं सगळं आवरण जळून गेलं. पोलादी सांगाडा तसाच उभा राहिला आणि आजही आहे. दुसरी गोष्ट मॅट्रॉक्सची. लॉर्न ट्रॉटिए आणि ब्रँको मातिच यांनी संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारी सर्किटं बनवायला मॉन्ट्रियल परिसरात ही कंपनी काढली. तिचं ठाणं आज शहराच्या पश्चिमेला डोरव्हालमध्ये आहे आणि ‘मिलेनियम’, ‘मिस्टीक’ ही तिची ग्राफिक्स कार्डं नव्वदच्या दशकात जगभरच्या संगणकांत होती. तिसरी गोष्ट कॅलिफोर्नियातली. ॲपलचा पहिला संगणक ६६६.६६ डॉलरला विकायला आला तो नुसता सर्किट बोर्ड होता. कीबोर्ड नाही, वीजपुरवठा नाही, खोकंही नाही. असे सुमारे २०० बोर्ड तयार झाले आणि ज्यांनी ते घेतले त्यांच्यातल्या अनेकांनी घरी लाकडाचे डबे बनवून त्यात बसवले.

पोलादाचा सांगाडा आणि पारदर्शक कातडी, चित्र काढणारं कार्ड, आणि मालकाने स्वतः बनवलेली पेटी. आज गेमिंग संगणकाचं कॅबिनेट कापून, रंगवून, त्यावर पितळ-तांबं-पोलादाचं काम करून त्याला एखाद्या कथेतल्या यंत्राचं रूप देतात, त्या कलेत हे तिन्ही धागे आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं कॅबिनेट ज्याने घरी उघडलं असेल, त्याला तो पत्र्याचा डबा कसा असतो हे वेगळं सांगायला नको. या कलेची सुरुवात २०००च्या आसपासच्या गेम खेळणाऱ्या पोरांपासून झाली असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या पोरांनी तिला नाव दिलं, पण तिचं कूळ जुनं आहे, आणि ते संगणकाच्या धंद्यापेक्षा मोटारींच्या गॅरेजमधून आणि धातूच्या कारखान्यांतून जास्त आलं आहे. मॉन्ट्रियलमध्ये हे कूळ फार स्पष्ट दिसतं.

खोक्याला रंग नव्हता असंही नाही. आयबीएमच्या १९६४च्या सिस्टिम ३६० यंत्रांना लाल, निळे, पिवळे तक्ते मिळत. १९७६च्याच क्रे-१ महासंगणकाला भोवताली गुबगुबीत बाकं होती, त्यांच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रणा होती, आणि तक्त्यांचा रंग गिऱ्हाईक निवडत असे. रंग गेला तो संगणक टेबलावर आल्यावर. ऑफिसातल्या उपकरणांना फिकट रंग हवा, डोळ्यांना त्रास नको, असा आग्रह युरोपात, विशेषतः जर्मनीत धरला गेला. १९८१ साली आयबीएम पीसी आला आणि त्यानंतर जगभरच्या कारखान्यांनी एकच पिवळसर-करडा रंग उचलला. पंधरा-सोळा वर्षं सगळी खोकी एकसारखी होती.

मॉन्ट्रियलमध्ये याला एक लखलखीत अपवाद होता. १९८६ साली दानियेल लांग्लुआ यांनी इथे सॉफ्टइमेज ही कंपनी स्थापन केली. तिची ॲनिमेशनची प्रणाली सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर चालायची, आणि सिलिकॉन ग्राफिक्सचं १९९१चं यंत्र ‘इंडिगो’ नावाप्रमाणे गडद निळं-जांभळं होतं. बँकेतला, कॉलेजातला, घरातला संगणक एका रंगाचा आणि चित्र घडवणाऱ्यांचा दुसऱ्या, हे या शहरातल्या ॲनिमेटरांनी रोज पाहिलं. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’मधल्या डायनॉसॉरना सॉफ्टइमेज वापरून चालतं केलं गेलं, आणि त्याच चित्रपटाच्या नियंत्रण कक्षात लाल दिवे लुकलुकणारा काळा सीएम-५ महासंगणक आहे. संगणक दिसायलाही भव्य असू शकतो, हे एका पिढीच्या मनात त्या पडद्यावरून शिरलं असावं असं मला वाटतं.

पण पत्र्याला पहिलं भोक पाडलं गेलं ते सौंदर्यासाठी नव्हे. ते उष्णतेने पाडायला लावलं.

४८६ प्रोसेसर जेमतेम काही वॅट वीज खायचा. ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. मदरबोर्डचा वेग ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर ४५० वर धावायचा. महागड्या प्रोसेसरचा वेग अर्ध्याहून कमी पैशांत मिळू लागल्यावर विद्यार्थ्यांनी तो घेतला नसता तरच नवल. मात्र वाढलेला वेग उष्णता घेऊन येतो. एएमडीचा १.४ गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन २००१मध्ये आला तेव्हा त्याची उष्णता सत्तर वॅटच्या घरात गेली होती. जुन्या कॅबिनेटमध्ये मागे एक छोटा पंखा आणि पुढच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या मुखवट्याआड, चार फटी. गरम हवा वर जाते, म्हणून लोकांनी छतालाच ८० मिलिमीटरचं भोक पाडून पंखा बसवला. मग बाजूच्या पत्र्याला, ग्राफिक्स कार्डासमोर, दुसरं. ज्याने एकदा पत्रा कापला त्याची कापण्याची भीती जाते. पुढच्या वेळी तो पंख्यापुरतं न कापता हातभर चौकोन कापतो आणि त्यात ॲक्रिलिक बसवतो.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. कॅबिनेटचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड, जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद. आधी संपूर्ण डबा सुटा करायचा, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यांवर ड्रिल धरून ती उडवायची. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर रेघ मारायची. टेपमुळे जिगसॉच्या पायाचे ओरखडे उठत नाहीत. कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडून त्यांतून बारीक दातांचं पातं उतरवायचं. पत्र्याखाली लाकडाचा आधार नसेल तर तो थरथरतो, पात्याला अडकतो आणि कड वाकडी होते. कापून झालं की कानस, मग पॉलिश पेपर, आणि कडेवर रबराचं बीडिंग, गाडीच्या दाराच्या कडेला असतं तसलंच. ॲक्रिलिक कापताना उलट घाई नडते: पातं तापलं की ते वितळून मागच्या मागे पुन्हा चिकटतं. घुमटाचं आवरण इतक्या चटकन का गेलं, हे वितळत्या ॲक्रिलिकचा वास एकदा नाकात गेला की कळतं.

बीडिंग गाडीचं, आणि ते एकटं नाही. पाण्याने प्रोसेसर थंड करण्याची पद्धत घरगुती पातळीवर सुरू झाली तेव्हा तयार सामान मिळत नव्हतं. लोकांनी भंगारातल्या गाड्यांचे हीटर कोअर काढले, म्हणजे गाडीच्या आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, आणि माशांच्या टाकीचा पंप जोडला. क्वेबेकमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, ते गाड्यांची कातडी खातं. तांब्या-पितळेचा हीटर कोअर मात्र अशा गंजलेल्या गाडीतही धडधाकट सापडू शकतो. त्याच मिठामुळे इथे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांना काम कमी नाही: गंज खरवडणं, पत्र्याचा तुकडा जोडणं, पुट्टी भरणं, प्रायमर, रंग. इथल्या कॅबिनेट रंगवणाऱ्याचं साहित्य, पाणीपेपरच्या नंबरांपासून बफच्या मलमापर्यंत, या गॅरेजांचंच आहे.

रंगाची ही भाषा गॅरेजांत आली कॅलिफोर्नियातून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी जुन्या गाड्या कापून, बुटक्या करून, रंगवून नव्या केल्या. व्हॉन डच या टोपणनावाच्या केनेथ हॉवर्डने हाताने ओढलेल्या बारीक रेघांना कलेचा दर्जा दिला. एड रॉथने फायबरग्लासच्या अचाट गाड्या ओतल्या. जॉर्ज बॅरिसने १९५५ची लिंकन फ्युचुरा ही प्रदर्शनी गाडी घेऊन १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बॅटमोबिल बनवली. माझ्या मते सूत्र धरून सजवण्याची मुळी हीच: रंग आवडला म्हणून लावायचा नाही, यंत्राला एका कथेत भूमिका द्यायची आणि मग पत्र्यापासून दिव्यापर्यंत सगळं त्या भूमिकेला जुळवायचं. कँडी रंग त्याच जगातला. खाली चंदेरी किंवा सोनेरी थर, वर रंगीत पण पारदर्शक थर एकावर एक; प्रकाश आत जाऊन खालच्या चंदेरीवरून परत येतो आणि रंग खोल दिसतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रंगवलेलं कुठलंही देखणं लाल कॅबिनेट पाहा, ही युक्ती त्यात सापडण्याची शक्यता बरीच.

पण गाडी रस्त्यावर फिरते, लोक बघतात. घरातल्या टेबलाखालचा डबा कोण बघणार? त्याला बाहेर काढलं लॅन पार्टीने. नव्वदच्या दशकात फोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट इतकं मंद होतं की वेगवान खेळ खेळायचा तर सगळ्यांनी आपापले संगणक उचलून एका सभागृहात आणायचे आणि तारांनी जोडायचे. स्वीडनमधल्या मालुंग गावात १९९४ साली ड्रीमहॅक सुरू झालं, टेक्सासमध्ये १९९६ला क्वेककॉन. मॉन्ट्रियलमध्ये ही परंपरा एकोल द तेक्नॉलॉजी स्युपेरिएर, म्हणजे ईटीएस, या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी जोपासली. त्यांची लॅन ईटीएस कॅनडातल्या मोठ्या मेळाव्यांत गणली जाते, आणि २०१६ ते २०१९ या काळात ड्रीमहॅकही या शहरात भरलं. रांगेत शेकडो सारखी खोकी मांडली की आपलं वेगळं दिसावं असं वाटणारच. गणपतीत आपण मंडळामंडळांचे देखावे बघत हिंडतो तशी तिथे मधल्या वेळात माणसं रांगांतून हिंडतात, वाकून आत बघतात, हे कसं कापलं विचारतात. बनवणाराही खुर्ची सोडून सांगायला उभा राहतो. हे दाखवणं आणि विचारणं नसतं तर ही कला आतल्या पंख्यापुरतीच राहिली असती असं मला ठामपणे वाटतं.

ईटीएसची जागाही या वंशावळीत मोडते. ग्रिफिनटाऊनच्या कडेला, नोत्र-दाम रस्त्यावर, जुन्या बिअरच्या कारखान्याच्या इमारतीत ही संस्था आहे. जवळून लाशीन कालवा जातो. १८२५ साली तो खुला झाला आणि त्याच्या काठाने कॅनडाचे पहिले मोठे कारखाने उभे राहिले: ओतशाळा, लोहारकाम, खिळे, बॉयलर. १९५९मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग झाल्यावर बोटी तिकडे वळल्या, १९७०मध्ये कालवा वाहतुकीला बंद झाला आणि कारखाने एकेक करून विझले. ओटावा रस्त्यावरची डार्लिंग फाउंड्री १९९१पर्यंत तग धरून होती. २००२ पासून तिथे दृश्यकलांचं केंद्र आहे. त्याच परिसरात १९९८पासून क्वेबेक सरकारने करसवलती देऊन ‘सिते द्यु म्युल्तिमेदिया’ वसवली आणि जुन्या गोदामांत सॉफ्टवेअरवाले आले. धातूचा धंदा जाऊन तिथे संगणकाचा आला. धातूवर हात चालवण्याची आवड मात्र वस्तीतून नाहीशी झाली नाही, ती लहान आकाराच्या वस्तूंवर उतरली.

आता रंगाकडे येतो, कारण अर्धं काम इथेच बिघडतं. जस्ताच्या मुलाम्यावर साधा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. आधी तेलकटपणा काढायचा, ३२० नंबरच्या पेपरने चकाकी मारायची, मग पत्र्याला चावून बसणारा एच प्रायमर द्यायचा. रंगाचे थर पातळ आणि अनेक. जाड थर ओघळतो. वर क्लिअर कोट, तो वाळला की १५०० आणि मग २००० नंबरचा पाणीपेपर, शेवटी बफ. स्प्रेच्या डब्यावर साधारण १० ते ३२ अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असतं, आणि मॉन्ट्रियलमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास. गरम खोलीत फवारावं तर वाफ घरभर आणि शेजाऱ्यांच्या नाकात. दोन घटकांचा गाड्यांसाठीचा क्लिअर असेल तर त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करू शकतात, तो घरात फवारायचा विचारही करू नये. म्हणून इथलं वेळापत्रक ऋतूंवर बांधलेलं असतं: हिवाळ्यात तळघरात मोजमापं, कापणं, कानस, वायरिंग, रंग मे महिन्यानंतर.

जुनाट, गंजकं रूप द्यायचं असेल तर आणखी एक सुंदर युक्ती आहे, मॉडेल बनवणाऱ्यांकडून आलेली. आधी तांबूस-तपकिरी थर. तो वाळला की पाण्याचे थेंब टाकून त्यावर मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं, वरून मुख्य रंग फवारायचा. मग ब्रशने मीठ झटकलं की रंगाचे टवके उडून आतला ‘गंज’ दिसतो. खऱ्या मिठाने गंजलेल्या गाड्यांच्या शहरात या कामासाठी नमुना शोधायला लांब जावं लागत नाही.

रंग द्यावाच का, हा प्रश्नही इथे मोठ्या मापात उभा आहे. एक्स्पो ६७साठी अलेक्झांडर काल्डरने ‘तीन तबकड्या’ हे सुमारे वीस मीटर उंचीचं शिल्प केलं, ते त्याच सेंट हेलेन बेटावर आहे. काल्डर आपली अशी मोठी शिल्पं बहुधा रंगवत असे. याचा खर्च निकेल कंपनी इन्कोने उचलला होता आणि निकेलयुक्त स्टेनलेस पोलाद उघडंच दिसावं अशी तिची इच्छा होती, म्हणून ते बिनरंगाचं राहिलं. जोडांचे बोल्ट, तक्त्यांच्या शिवणी, सगळं समोर. मला स्वतःला कॅबिनेटमध्येही ही वाट जास्त भावते. ॲल्युमिनियमवर एकाच दिशेने पेपर ओढून उमटवलेल्या बारीक रेषा आणि त्यावर ॲनोडायझिंग, म्हणजे आम्लाच्या कुंडात वीज सोडून धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा कठीण थर चढवणं. तिथे चूक पुट्टीखाली लपत नाही. पितळी पट्ट्या, रिव्हेटची रांग, तांब्याची नळी वाकवून केलेला पाण्याचा मार्ग, हे सारं त्याच सचोटीच्या घराण्यातलं. प्लातो भागातले बाहेरून चढणारे लोखंडी जिने रोज ज्यांच्या पायाखाली असतात, त्यांना वळणदार लोखंड परकं वाटत नसावं.

कथांची इथे वाण नाही. १९९७मध्ये युबिसॉफ्टने सेंट-लॉरेंट रस्त्यावरच्या पेक इमारतीत, जुन्या कपड्यांच्या कारखान्यात, स्टुडिओ उघडला. ‘स्प्लिंटर सेल’ २००२मध्ये, ‘ॲसॅसिन्स क्रीड’ २००७मध्ये तिथून बाहेर पडले. आयडॉस मॉन्ट्रियलचा ‘डेउस एक्स: ह्युमन रिव्होल्यूशन’ २०११चा, काळ्या आणि सोनेरी रंगांत बुडालेला. या खेळांतली कातडी पट्ट्यांची चिलखतं, पितळी यंत्रं, षटकोनी पोलादी जाळ्या जगभरच्या कॅबिनेटांवर उतरल्या. मॉन्ट्रियलमध्ये पडद्यावर रंगवलेलं धातूकाम कुणीतरी परत खऱ्या पत्र्यात घडवतो, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

बाजाराने हे ओळखायला वेळ लावला नाही. अमेरिकेत मायामीची एलियनवेअर १९९६पासून आणि कॅनडात कॅलगरीची व्हूडू त्याहून आधी, १९९१पासून. व्हूडू सुरू केली भारतीय वंशाच्या राहुल सूद यांनी. गाड्यांच्या दर्जाचा रंग दिलेले, हाताने जोडलेले संगणक त्यांनी विकले. २००६ साली एलियनवेअर डेलने घेतली आणि व्हूडू एचपीने. पुढच्या दहा वर्षांत काचेची बाजू आणि रंगीत एलईडी कारखान्यातूनच येऊ लागले. कुणाला आता जिगसॉ उचलावी लागत नाही. काचेचं खोकं दिसतं छान, पण पुढच्या बाजूलाही काच लावून हवेची वाट अडवलेली कॅबिनेटं विकली गेली तेव्हा भोक मुळात कशासाठी पाडलं होतं हेच विसरलं गेलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आता पुन्हा पुढच्या बाजूला जाळी असलेली कॅबिनेटं आली आहेत, हे चांगलं झालं.

तयार काच सगळ्यांकडे आल्यावर हाताने काम करणाऱ्यांनी दोन वाटा धरल्या. काहींनी कॅबिनेट टाकूनच दिलं. ते पोलादी पट्ट्यांपासून सांगाडा स्वतः घडवतात. काहींना जुना पिवळसर डबाच हवा आहे, आत आजचं ताकदवान यंत्र आणि बाहेर १९९५चा चेहरा. त्यासाठी आतला पत्रा कापावा लागतो, पंख्यांची वाट तळातून काढावी लागते, आणि बाहेरून काही कळता कामा नये. सिल्व्हरस्टोन कंपनीने २०२३च्या एक एप्रिलला असं जुन्या धाटणीचं खोकं थट्टा म्हणून दाखवलं होतं; मागणी पाहून २०२५मध्ये ते खरोखर विक्रीला आणलं. जुन्या डब्यांचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं असतं, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवतात, तासातासाने वळवत, म्हणजे डाग पडत नाहीत. हे कामही इथे उन्हाळ्यातलंच, रंगाच्या मोसमातलं.